पिस्तूल पुसलेले हात

पिराजी पेंटरसारखं पिस्तूल कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला काढता येत नसे. सिनेमाचे बॅनर हातानं रंगवायचे त्या दिवसांत नायिकेचे ओठ, नायकाचे केस कुणीही काढो, पिस्तुलासाठी टॉकीजवाले पिराजीलाच बोलवायचे. नळीवर तो पांढऱ्या रंगाची एकच रेघ अशी ओढायचा, की खालून जाणाऱ्या सायकलवाल्यानं मान खाली घालावी.

पुढं फ्लेक्स आले आणि ही कामं आटली. त्यातही पिराजीला जास्त टोचायचं ते हे, की शाहूपुरीतलं फ्लेक्सचं पहिलं मोठं दुकान प्रसेनजीतनं काढलं. प्रसेनजीत सहा वर्षं पिराजीच्याच हाताखाली बॅनरची पार्श्वभूमी भरत होता. मग पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला. अजूनही रस्त्यात भेटला की गाडी थांबवून "मास्तर, चहा घेऊया की" म्हणायचा. पिराजीला कधीच वेळ नसायचा.

दोन हजार चार साली विजयसिंहांच्या टॉकीजला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्तानं त्यांनी जुन्या हेरपटांचा आठवडा लावायचं ठरवलं. सहा चित्रपट. तीन बॅनर पिराजीनं कापडावर रंगवायचे, तीन प्रसेनजीतनं फ्लेक्सवर छापायचे. नमुन्याला जुनी पोस्टरं आली, आणि सहाच्या सहा पोस्टरांवर पिस्तुलं होती. टॉकीजसमोर शाळा. मुख्याध्यापिका बाई चार पालकांना घेऊन आल्या आणि पोरांच्या डोळ्यांसमोर रोज बंदुका नकोत म्हणाल्या. विजयसिंहांनी शब्द दिला.

"मालक, हेर हाय त्यो," पिराजी म्हणाला. "पिस्तूल काढून घेतल्यावर हातात काय टाळ देऊ व्हय?"

"काय बी द्या. पिस्तूल नगो."

पिराजीनं एका हेराच्या हातात बॅटरी दिली, दुसऱ्याच्या हातात टेलिफोन. तिसऱ्याला काय द्यावं सुचेना, म्हणून गुलाबाचं फूल दिलं. पण बोटं पिस्तूल धरल्यासारखीच राहिली. बॅनर चढले त्या दिवशी कोपऱ्यावरचा पानवाला केरबा ओरडला, "काय पेंटर, तुमचा हेर लगीन करायला निघालाय काय?" सगळं दुकान हसलं.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतचे फ्लेक्स चढले. मधल्या फ्लेक्सवर गुप्तहेर बाई होती. मूळ पोस्टरवर तिनं पिस्तूल रोखलं होतं. आता तिचा हात गालाजवळ उचललेला होता आणि ती दोन बोटांनी पडदा बाजूला सारून बघत होती. बघणाऱ्याला वाटावं, हिनं आपलं काहीतरी चोरटं बघितलंय. लोक थांबत होते. केरबासुद्धा म्हणाला, "बाई जित्ती हाय की रं!"

पिराजी समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभा राहून खोट शोधत होता. कातडीचा रंग जुळला होता. उजेड डावीकडून होता, सावलीही बरोबर पडली होती. मनगटाशी दुसरा हात जोडल्याचा सांधा कुठं दिसत नव्हता. आणि मग त्याला करंगळी दिसली. बाहेरच्या अंगाला वळलेली, शेवटचं पेर जरा आखूड. तो हात त्याला ओळखीचा होता.

घरी त्याची बायको शालूबाई शिलाई मशीनवर बसली होती.

"प्रसेनजीतच्या दुकानात गेलतीस?"

"व्हय. त्याच्या बायकोचं, दीक्षाचं ब्लाउज द्यायला."

"हात कुणी मागितला तुजा?"

शालूबाईनं मशीन थांबवलं. "भावजी म्हणाले, वैनी, जरा हात असा धरा, फोटो काढतो. धरला."

"मला सांगितलं न्हाईस."

"हाताचं काय सांगायचं?" मग ती म्हणाली, "तीस वर्षं बायकांचे हात काढतासा तुमी. कधी माज्याकडं बघून काढलासा?"

पिराजीनं सदरा काढून खुंटीला अडकवला.

"बरा दिसतोय काय ओ वर?" तिनं हळूच विचारलं.

"मापात न्हाय," तो म्हणाला आणि न जेवता आडवा झाला.

सकाळी शालूबाई इस्त्रीची साडी नेसून शेजारच्या तानाबाईला घेऊन टॉकीजपर्यंत जाऊन आली. आल्यावर मशीनवर बसून गुणगुणत होती. लग्नानंतर ते गुणगुणणं पिराजीनं फार थोड्या वेळा ऐकलं होतं. आणि आजचं ते त्याच्यामुळं नव्हतं.

तीनचा खेळ सुरू झाल्यावर तो शिडी, काळ्या ऑइल पेंटचा डबा आणि नेहमीची रंगांची पिशवी घेऊन गेला. केरबाला वाटलं, स्वतःच्या बॅनरला हात मारायचा असेल. पिराजी मधल्या फ्लेक्सपाशी चढला. त्या हातावर एक मोठा डाग पाडायचा आणि उतरायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण ब्रश टेकला आणि त्याचा हात आपोआप नळीच्या रेषेत सरकला. मग तो थांबलाच नाही. दस्ता, घोडा, त्याभोवती वळलेली बोटं. शेवटी नळीवर ती पांढरी रेघ. करंगळी रंगाखाली गेली.

पाचला शाळा सुटली. पोरं वर बघून "ठो ठो" करत रस्त्यात आडवी पडायला लागली. मुख्याध्यापिका बाई तशाच टॉकीजमध्ये शिरल्या. विजयसिंह बाहेर आले, प्रसेनजीतला बोलावणं गेलं. पिराजी पानाच्या दुकानापाशी उभा होता. त्याच्या नखांत काळा रंग होता.

प्रसेनजीतनं मान वर करून बराच वेळ बघितलं. मग पिराजीकडं बघितलं.

"कुणी केलं हे?" विजयसिंहांनी विचारलं.

"मीच सांगितलंतं मास्तरांना," प्रसेनजीत म्हणाला. "बघू म्हटलं कसं दिसतंय. चुकलं माजं."

विजयसिंहांनी त्याला चारचौघांत झाडलं. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. पिराजी सुटला होता. पण त्याला हे पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं. हात प्रसेनजीतनं चांगला काढला, शालूबाईला त्यानं खूश केलं, आणि आता मोठेपणाही त्यानंच घ्यायचा?

"खोटं बोलतोय त्यो!" पिराजी ओरडला. "मला कुणी सांगितलं न्हाई. मी काढलं, माज्या मनानं काढलं!"

सहाच्या खेळाआधी पिराजीचे तिन्ही बॅनर उतरवले गेले. उरलेलं सगळं काम प्रसेनजीतकडं गेलं.

शालूबाईला हे तानाबाईकडून कळलं. ती भांडली नाही. फक्त विचारलं, "माज्या हातावर काढलासा?" तो मान हलवेपर्यंत थांबली आणि दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माज्या हाताचा नवा फ्लेक्स लावलाय भावजींनी. चला, पिक्चर बघून येऊ."

पडद्यावर त्या गुप्तहेर बाईनं पहिल्या दहा मिनिटांतच चौघांना गोळ्या घातल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शालूबाईनंही टाळ्या वाजवल्या. पिराजी पडद्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघत होता.

सुटल्यावर दाराशी प्रसेनजीत भेटला. पिराजीनं नजर चुकवली, दोन पावलं पुढं गेला आणि परत वळला.

"उजेड डावीकडनं कसा घेतलास?"

"दुकानात या की मास्तर, दावतो."

"येणार न्हाई."

आठ दिवसांनी गेला. स्टुलावर बसून दोन तास एकटक कॉम्प्युटरकडं बघत राहिला. चहा पुढं आला तो प्याला. चांगलं म्हणून एक शब्द बोलला नाही. घरी येऊन शालूबाईला म्हणाला, "माऊस बरा चालवतो. ब्रश मातूर धरता येत न्हाई त्याला."