घराची खूण

पोळ्याला ज्ञानेश्वरी सोनपेठजवळच्या आपल्या गावी आली, तेव्हा विमानशाळेतला हातात मावणारा जीपीएस तिच्यासोबत होता. सराव म्हणून सरांकडून मागून आणलेला. दारात उभं राहून तिने बटण दाबलं, जागेची खूण नोंदवली आणि तिला नाव दिलं, 'घर'. आई, चांगुणाबाई, शेजारी कौतुकाने बघत होती. लेक ऐटीत म्हणाली, आता मी आभाळातून कुठूनही येऊ दे, या यंत्राला आपलं घर ठाऊक आहे. आईने मनाशी तशी खूणगाठ बांधली. लेक गावावरून एकटी उडत जाईल त्या दिवशी पत्र्यावर लाल वाकळ पसरायची, म्हणजे आई खालून बघतेय हे वर कळेल, असं दोघींचं ठरलं.

तो दिवस दिवाळीच्या आठवडाभर आधी आला. आईचा फोन चार दिवस लागत नव्हता, पण तारीख तिला सांगून झाली होती. आईबाप ऊसतोडीला जातात ते दिवाळी करूनच, त्यामुळे लेक निर्धास्त होती.

शेजारची सरांची खुर्ची आज रिकामी होती. समोर अडकवलेल्या जीपीएसच्या पडद्यावर चालता नकाशा होता. त्यात आपलं विमान जागचं हलत नाही, खालचा मुलूखच सरकत येतो. गंगेची, म्हणजे गोदावरीची, निळी रेघ आली, गंगाखेडचा रेल्वेमार्ग आला आणि मग कोपऱ्यात 'घर' उगवलं. सहा मैल, चार, दोन. तिने नकाशा मोठा केला. खूण विमानाच्या बरोबर खाली आली, तशी ती खिडकीकडे वाकली.

पत्रे उघडेच चमकत होते. दारापुढे काट्याचं झाप लावलेलं होतं, गल्लीत माणूस नव्हतं. यंत्राने इमानदारीने सांगितलं, पोचलात. एवढ्या मोठ्या आभाळात तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. ठरलेली वाट सोडता येत नव्हती, म्हणून घिरटी न घालता ती पुढे गेली.

संध्याकाळी आईचा फोन आला. मुकादमाचा ट्रक यंदा सणाआधीच दारात उभा राहिला होता. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी टोळी निघाली आणि पार कोल्हापूरकडे, उसाच्या फडालगत पाचटाच्या कोप्या घालून उतरली. ज्ञानेश्वरी चिडली. निदान कुणाच्या तरी फोनवरून कळवायचं होतंस, म्हणाली. आईची तक्रार वेगळीच होती.

"वाकळ टाकली व्हती की कोपीवर. दिसभर ऊस तोडता तोडता वर बघत व्हते. तू आलीच न्हाईस."

"आई, ते यंत्र आपलं गावाकडचं घर दाखवतं गं."

"आपलं घर त्याला ठावं हाय म्हणालीस ना. सहा म्हैने तर आमी कोपीतच असतो."

ज्ञानेश्वरीला रडू फुटलं. ते आवरून तिने जीपीएस हातात घेतला आणि म्हणाली, गावाचं नाव विचार, मी तिथली खूण करून ठेवते. आईने पलीकडे कुणाला तरी विचारलं, मग परत फोनवर आली.

"ऱ्हाऊ दे बाई. उद्या फड बदलायलाय."