धोंडा धरून

“अजून हायेस व्हय?” किटली काट्यावर ठेवत आप्पासाहेबांनी विचारलं.

“नाही. मी कालच गेले,” अश्विनी म्हणाली आणि दुधाचा नमुना मशीनच्या नळीखाली धरला. “फॅट तीन पाच.”

“बघा, पोटुशी बाई चिडली की फॅट पडती,” आप्पासाहेब मागच्या रांगेकडे वळून म्हणाले. रांग हसली. अश्विनी हसली नाही. पावती फाडून तिने ती अशी काही पुढे केली, की आप्पासाहेबांनी ती दोन बोटांच्या चिमटीत, पोळलेल्या माणसासारखी धरली.

कोल्हारच्या त्या, अश्विनीच्या सासरच्या, दूध संकलन केंद्रावर अठ्ठेचाळीस जण दूध घालायचे, सकाळी आणि संध्याकाळी. तारीख उलटून पाच दिवस झाले होते आणि पाचही दिवस प्रत्येकाने दोन्ही वेळा हाच प्रश्न विचारला होता. पाटाला पाणी कधी सुटणार याचीसुद्धा गावात इतकी चौकशी होत नव्हती. पोट तर एवढं पुढं आलं होतं की सकाळी आधी ते केंद्रात शिरायचं आणि मग थोड्या वेळाने अश्विनी. भिमाजी जगतापांसारखे चष्मा विसरून येणारे लोक पोटालाच रामराम घालून मोकळे होत.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कर्जतला आता आईच नव्हती. दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणून अश्विनी सासरीच राहिली होती आणि बसून बसून डोकं फिरायला नको म्हणून मशीनवर बसत होती. मशीनवर बसलं की एक बरं असायचं. तिथं ती म्हणेल तो आकडा. तीन पाच म्हणजे तीन पाच. घरात मात्र भाजीत मीठ किती हेसुद्धा सासूबाई, म्हणजे केशरबाई, ठरवायच्या.

त्या दिवशी, शुक्रवारी, अकरा वाजता तिघं दवाखान्यात गेले. केशरबाई, अश्विनी आणि नवरा बिभीषण. बिभीषणचं हायवेला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पाणबुडी मोटार असो, मिक्सर असो, जगातली प्रत्येक अडलेली गोष्ट कॉइल बदलून चालू होते अशी त्याची श्रद्धा.

डॉक्टर स्नेहल मॅडमनी तपासलं, ठोके ऐकले आणि खुर्ची अश्विनीकडे वळवली.

“बाळ छान आहे. पाणीही पुरेसं आहे. पण तारखेवर पाच दिवस झालेत. सोमवारपर्यंत आपोआप कळा आल्या नाहीत, तर ॲडमिट करून औषधाने आणाव्या लागतील. त्याआधी एक करता येतं. तपासताना आत बोट फिरवून, बाळाभोवतीची पिशवी गर्भपिशवीच्या तोंडापासून जराशी सुटी करायची. स्वीप म्हणतात. दोन मिनिटांचं काम, पण दुखतं. थोडा डागही दिसेल. त्याने कळा सुरू व्हायची शक्यता वाढते, होतीलच असं नाही. नको असेल तर सोमवारपर्यंत थांबू, फक्त बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवायचं. काय करायचं, तुम्ही सांगा.”

अश्विनीने मागे वळून पाहिलं. मॅडम कोणाला विचारताहेत ते तिला कळेना. मागे भिंत होती, आणि भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर.

“काय गरज न्हाई,” केशरबाई म्हणाल्या.

“करून टाका म्याडम,” बिभीषण त्याच क्षणी म्हणाला.

“तू गप रे. म्याडम, तुमचं गनितच चुकलंय. ही गौराई आल्या त्या दिवशी बाजूला बसली. सोळा भाज्या मी एकटीनं निवडल्यात, इसरन व्हय मी? मोजा मंग.” केशरबाईंचा अंगठा तर्जनीच्या पेरावर टेकला आणि चालू लागला. “भादवा, आश्विन, कार्तिक...” तीन बोटं संपून वैशाखाला नऊ पेरं झाली. करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकलाच नाही. वाटेत साप दिसावा तसा तो टुणकन उडून दुसऱ्या पेरावर गेला. “आन हा जेठ. अजून लागायचाय. आत्ता धोंडा चालूय, धोंडा काय मोजत असत्यात? अधिक महिना त्यो. बाजूला टाकायचा. नऊ महिने नऊ दिवस भरायला अजून पंधरा-वीस दिवस हायेत.”

“बाळाला पंचांग दिसत नाही, आजी.”

“आजी कुनाला म्हनता? अजून झाले न्हाई मी.”

मॅडमनी हसू दाबलं. “आम्ही आठवडे मोजतो. रविवारी एक्केचाळीस पूर्ण.”

“आन सोमवारी आवस! आवशीला ॲडमिट? मंगळवारी धोंडा सुटतो, मंग काय ते करा.”

“आये, तुला कळत न्हाई,” बिभीषण पुढे सरकला. “मोटार लई दिवस बसून राहिली की जाम व्हती. बटन दाबलं तरी नुसती गुरगुरती. मंग काय करायचं? शाफ्टला हातानं एकदा फिरवून द्यायचं. फिरली की चालू. म्याडम त्येच म्हनत्यात. व्हय ना म्याडम?”

मॅडम हळूच म्हणाल्या, “मी अश्विनीला विचारलंय.”

तिघांनीही अश्विनीकडे पाहिलं. लग्नात साडीचा रंग तिला कोणी विचारला नव्हता. मोबाईल कोणता घ्यायचा ते दुकानदाराने बिभीषणला विचारलं होतं. आणि आता थेट आतलं, एवढं आतलं, की तिथं तिची स्वतःची नजरसुद्धा पोचत नाही.

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. बिभीषणने दुकानात एकाच गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, तेही मोटार कशी दुरुस्त करतात हे समजावताना. पण हायवेचं दुकान ते, बातमी बहुधा एखाद्या टेम्पोत बसून गावात आली.

“आतून झाडून घेनार हायेत म्हनं,” पहिली किटली म्हणाली.

“झाडून न्हाई, स्विप. ते काय मशीन असतं.”

“माझ्या भाचीला नगरला केलं. केलं, आन घरी येऊन तीन दिवस चकल्या तळत बसली. काय झालं न्हाई.”

“माझ्या सुनंला केलं तर रिक्षातच...”

“अननस दे गं हिला.”

“अननस नगं, एरंडेल.”

“एरंडेल नगं, जिने चढ म्हना.”

“कोल्हारात जिना कुनाकडं हाय? पाण्याच्या टाकीवर चढवता काय हिला?”

“फॅट तीन दोन,” अश्विनी म्हणाली. “फॅट तीन एक. फॅट तीन.” त्या संध्याकाळी कोल्हारातल्या साऱ्या गाई एकाएकी पाणी द्यायला लागल्या की काय, अशी रांगेत कुजबुज झाली आणि लोक जरा गप्प बसले.

सगळ्यात शेवटी भागूबाई आली. पंच्याऐंशीची म्हातारी, अर्धा लिटर दूध घेऊन येणारी. एकेकाळी पंचक्रोशीची सुईण. आताचे निम्मे कोल्हारकर तिच्याच हातून जगात आलेले, त्यामुळे कोणी मान वर करून तिच्याशी बोलत नसे.

“डाक्टरीन बोट फिरवनारे म्हनं?”

“विचारलंय त्यांनी. मी अजून ठरवलं नाही.”

“इचारलंय?” म्हातारीने काठीवर हनुवटी टेकली. “तुला? आगं, आमी बी फिरवत हुतो. न्हाई असं न्हाई. पर इचारत नव्हतो. कुनाला इचारायचं? बाई तर वरडत असायची. सासूला इचारायचं. सासू व्हय म्हनली की फिरवायचं, न्हाई म्हनली की हात धुवायचे.” मग आतल्या बाजूला मान करून ती म्हणाली, “केशरे, तुझ्या पैल्याला तुझी सासू न्हाई म्हनली बघ.”

आत केशरबाई कॅन विसळत होत्या. नळ चालू होता, विसळणं थांबलं.

“पहिल्याला?” अश्विनीने विचारलं. बिभीषण पहिला, असंच ती समजत होती.

“ह्याच्या आधीचं. तीस वर्सं झाली. दसऱ्याला बाजूला बसलेली ही, आन आखाडात धोंडा आल्ता. मी म्हनले दिस भरले, बोट फिरवते. सासू म्हनली, धोंडा धरू नका, महिना हाय अजून. बसलो मंग. धोंडा सुटला तवर पोटातलं हलायचं थांबलं हुतं.” म्हातारीने हाताची वीत करून दाखवली. “पोरगा. डोक्याला एवढाले क्यास.”

“भागूबाई,” आतून आवाज आला. एरवी तो आवाज प्रवरेपलीकडच्या उसातली डुकरं उठवायचा, आता जेमतेम दारापर्यंत आला. “पावती घ्या आन जावा. अंधार पडंल.”

अंधार पडायला चांगला दीड तास होता. भागूबाई पावती घेऊन गेली.

केशरबाई कॅन घेऊन बाहेर आल्या, ते पालथं घातलं, पुन्हा उचललं, पुन्हा पालथं घातलं.

“आत्या, तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

“काय इचारायचंय त्यात? सासू म्हनली, मी ऐकलं. सासूचं बराबर हुतं. धोंडा मोजत न्हाईत, कुनालाबी इचार. त्ये पोरगं नशिबात नव्हतं म्हनून गेलं. धोंडा मोजायचा असंल तर मंग...”

“तर मग काय?”

केशरबाईंनी कॅन तिसऱ्यांदा उचललं. अश्विनीने हात पुढे केला.

“तू नगं उचलू,” त्या खेकसल्या. “इतकी वर्सं मीच उचलते.”

अश्विनीचा हात पोटावर होता. आतून एक टाच सरकली. दिवसभर जिचा राग आला नाही अशी एकही गोष्ट शिल्लक नव्हती, आणि आता तिला कोणावर चिडावं ते कळेना.

शनिवारी सकाळी, शेवटची किटली गेल्यावर, ती स्वतःच चप्पल घालून तयार झाली. दवाखान्यात पुन्हा तिघं पोचले आणि बिभीषण तिच्याबरोबर आत शिरायला लागला.

“तुम्ही बाहेर बसा. मोटार नाही ही.”

“आगं पन...”

“आत्या, तुम्ही चला.”

केशरबाईंनी एकदा बिभीषणकडे पाहिलं, एकदा चपलांकडे, आणि चपला काढून आत गेल्या. मॅडमनी काही विचारायच्या आत अश्विनी बोलली. फॅट सांगावी तशी, सरळ.

“करा. पण मी थांबा म्हटलं की थांबायचं.”

“थांबेन,” मॅडम म्हणाल्या.

दुखलं. सांगितलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच दुखलं. कंबरेतून कोणी दोरी ओढल्यासारखं झालं आणि तिच्या तोंडून निघालं, “थांबा!”

मॅडम थांबल्या. तिथल्या तिथे. त्यांनी हात काढून घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. अश्विनी छताकडे बघत राहिली. तिच्या एका शब्दावर आजवर ना रांग थांबली होती, ना केशरबाई, ना बिभीषण. पंखासुद्धा तीनदा बटण दाबल्यावर थांबायचा. तिने चार श्वास घेतले. केशरबाईंचा हात तिने कधी धरला होता ते तिलाच आठवेना, पण त्यांच्या बांगडीचा वळ तिच्या तळव्यावर उठला होता.

“हं,” ती म्हणाली. “आता करा.”

पोरगी झाली ती दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, भर धोंड्यात. मॅडम म्हणाल्या, कदाचित स्वीपमुळे असेल, कदाचित तिची वेळच झाली असेल. बिभीषण आजही दुकानात शाफ्ट फिरवताना गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगतो आणि दर वेळी मोटारीचा हॉर्सपॉवर वाढवतो. पण ते सगळं नंतरचं.

त्या शनिवारी मॅडमनी थोडा वेळ बसून जायला सांगितलं, म्हणून दोघी बाहेर बाकावर बसल्या. बिभीषण उसाचा रस आणायला पळाला होता. अश्विनीच्या ओटीपोटात बारीकशी कळ येत होती, जात होती. समोरून दूध घालणाऱ्या आप्पासाहेबांची मोटारसायकल गेली. वेग कमी करून त्यांनी तोंड उघडलं.

“हाय अजून,” केशरबाई आधीच म्हणाल्या. “जावा पुढं.”

जरा वेळाने अश्विनीचं लक्ष गेलं. केशरबाईंचा अंगठा तर्जनीच्या पेरावर टेकला होता आणि ओठ हलत होते. मोजत आहेत पुन्हा, अश्विनी मनात वैतागली. झालं ना आता, अजून काय मोजायचं राहिलंय? पण ओठांवर भादवा नव्हता. मोजणी गौराईपासून निघालीच नव्हती, दसऱ्यापासून निघाली होती. आश्विन, कार्तिक, मार्गेसर. अंगठा एकेक पेर चढत, तीन बोटं ओलांडून जेठापर्यंत आला. नऊ पेरं झाली.

करंगळीपाशी तो थांबला. नेहमीसारखा उडाला नाही. बराच वेळ तसाच, पेरापासून तांदळाएवढ्या अंतरावर, अधांतरी राहिला.

मग केशरबाईंनी तो पहिल्या पेरावर ठेवला, आणि बिभीषण रसाचे ग्लास घेऊन येईपर्यंत तिथून हलवला नाही.