गंगारामाची होडी

सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर मालवणजवळच्या खाडीवर शिवाने गंगारामाची होडी मोडली. म्हातारा गंगाराम वीस वर्षं त्या होडीतून माणसं पलीकडे सोडत होता. शिवाने भर दुपारी ती सोडली, खडकांपाशी नेली आणि धोंडा घालून फळ्या फोडल्या.

शिवा पंधरा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याचा बाप मुंबईत विषमज्वराने गेला, अग्नीही तिकडेच दिला. तेव्हापासून पोरगा बिथरला. मारामाऱ्या, मास्तरांना उलट उत्तरं. शेवटी शाळेतून नाव काढलं गेलं. आई सत्यवती भाताच्या दोन कुणग्यांवर, शेताच्या तेवढ्याच तुकड्यांवर, घर चालवत होती.

संध्याकाळी देवळासमोर गाव जमला. गावचे मानकरी भिकाजी म्हणाले, "सत्यवती, झील हातचो गेलो. त्याका मुंबैक चुलत्याकडे धाड. गिरणीत घाम गळलो की येतलो ताळ्यार."

सत्यवती उठली. "माझो झील खंय जावचो नाय. होडी त्याना मोडल्यान, तोच ती नवी करतलो. लाकूड माझ्या परड्यातल्या आंब्याचा. आणि तोपर्यंत लोकांका मी पलीकडे सोडतलंय."

लोक हसले. पण सत्यवती माहेरी बापाच्या होडीत वल्ही मारत वाढली होती. दुसऱ्या दिवशी भावाचं लहान होडकं घेऊन ती खाडीवर हजर झाली.

"बायलमाणसाच्या होडयेत बसान बुडाक होया काय?" कुणीतरी ओरडलं. सत्यवतीने मान वर केली नाही. शाळेची चार पोरं आधी बसली, मग मासळीच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या. शिवा लांब खडकावरून बघत होता.

चौथ्या दिवशी जेवताना त्याने आईचा हात पाहिला. तळव्यावरचे फोड फुटले होते. कालवणाचा तिखट घास लागताच तिने ओठ घट्ट मिटले.

"बंद कर गो आये. लोक हसतत तुका."

"हसांदेत. माणसा खोळंबतत थंय."

"माका मार तरी!"

"तुका मारून होडी सारकी होतली?"

शिवा ताटावरून उठला तो थेट गंगारामाकडे गेला. म्हाताऱ्याने काथ्याच्या दोरीचं बंडल शिवाच्या हातात ठेवलं.

सगळी थंडी काम चाललं. आंब्याचं झाड पाडलं, फळ्या कापल्या. फळ्यांना भोकं पाडून त्या दोरीने शिवायच्या, फटीत काथ्या ठोकायचा. दोनदा शिवा चिडून हातोडा फेकून निघून गेला आणि दोन्ही वेळा स्वतःच परत आला.

एके दुपारी सत्यवती पेज घेऊन आली, तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "बापूस त्याच होडयेतसून गेलो मुंबैक. परत इलोच नाय. ती होडी मात रोज परत येय."

त्याच्या मनातलं हे सत्यवतीला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांत तिने त्याला नीट रडूही दिलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी भुश्शात बसली, आणि दोघंही मोकळेपणी रडली. गंगाराम पाठ करून रंधा मारत राहिला.

शिमग्याआधी होडी पाण्यात उतरली. दोन्ही काठांवर माणसं जमली. पलीकडच्या गावच्या एका म्हाताऱ्याने फळीवरून हात फिरवून विचारलं, "कोणी बांधल्यान रे ही?"

"ह्या पोराना," गंगाराम म्हणाला.

शिवा पुढे झाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पयली होडी मीच मोडलंय. मगे ही बांधलंय. गंगारामआजान शिकयल्यान."

इतके दिवस 'शिवाची आई' अशी हाक आली की सत्यवती पदर ओढून पुढे निघून जायची. आज ती गर्दीच्या मधोमध, ताठ मानेने उभी होती.

भिकाजी जवळ येऊन पुटपुटले, "झील बरो निघालो गो तुझो."

"होय," ती म्हणाली. "माझो झील तो."

पुढे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत शिवाच्या होड्या चालल्या. त्यांचं कौतुक सत्यवती दुसऱ्यांच्या तोंडून ऐके. स्वतः मात्र ती सुनेला, नातवंडांना, कुणालाही एवढंच सांगे की चारचौघांत माझ्या मुलाने आधी 'मी मोडली' म्हटलं, आणि 'मी बांधली' नंतर.