मोटारीच्या मापाचा काँटॅक्टर

ओतकामाच्या कारखान्यात जड लोखंडी साचे उचलणाऱ्या होईस्टवर माझा थोरला भाऊ होता. त्याच शेडमधली वायरिंगची कामं माझ्याकडे. साचा उचलताना, ठेवताना दादा बटणाला नुसत्या टिचक्या मारायचा. टक, टक, टक. साचा केसभर सरकायचा आणि नेमका खुणेवर बसायचा. सगळी शेड त्याच्या अंगठ्याचं कौतुक करायची. तोच अंगठा काँटॅक्टरच्या मुळावर आला होता.

काँटॅक्टर म्हणजे मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच. बटण दाबलं की आतले संपर्क जुळतात, सोडलं की सुटतात. मोटार सुरू होताना वीज कितीतरी पट ओढते, आणि दादाच्या हाताखाली ती दिवसभर सुरूच होत असायची. दर टिचकीला आत ठिणगी. नवाकोरा काँटॅक्टर बघता बघता काळाठिक्कर पडला.

मी मालकांना गाठलं. "साहेब, याहून मोठा लागेल. संपर्क जळून काळे पडलेत."

"मोटारीच्या पाटीवरचा आकडा बघूनच आणलाय ना?"

"हो, पण पाटीवर दादा कुठे लिहिलाय?"

मालक खळखळून हसले. "पुढच्या खरेदीत बघू रे."

पालथ्या घड्यावर पाणी! मग दादाला म्हणालो, "टिचक्या तरी कमी मार."

"मग साचा आपटू का? फुटला तर माझ्याच नावानं शिमगा होईल."

त्याचंही खरंच होतं. माझी नुसती चिडचिड.

एका सकाळी साचा वर निघाला आणि थांबेचना. "थांबत नाहीये!" दादा ओरडला. संपर्क वितळून चिकटले होते. आता बटण सोडलं काय, धरलं काय, सारखंच. मी दाराजवळच्या मेन स्विचकडे धावलो. खटका ओढेपर्यंत मागे धडाम झालं. दोर तुटला होता, साचा दुभंगला होता. दादा भिंतीला चिकटून उभा होता, पण धड होता.

मालक आले. "काँटॅक्टरच्या पॅनेलला हात लावू नका, दाखवतो," मी म्हणेपर्यंत त्यांनी पॅनेलचं अडकलेलं दार हिसडलं, आपटलं. आत खट् झालं. संपर्क सुटले.

"चिकटलेत कुठे?"

"आत्ता सुटले हो! बघा, किती जळलेत."

"ते आधीपासूनच काळे आहेत. तूच सांगितलंस." मग ते दादाकडे वळले. "बटण दाबून धरलंस."

चोर सोडून संन्याशाला फाशी. दादाला होईस्टवरून काढून ओतकामाची वाळू चाळायला लावलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून दाखवायला हातात काय होतं?

रात्री जेवताना दादा म्हणाला, "मी बटण सोडलं होतं ना रे?"

"सोडलं होतंस."

"तू पाहिलंस?"

खोटं बोलायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "मी मेन स्विचकडे पळत होतो, दादा."

त्यानं मान हलवली. त्यानंतर त्यानं तो प्रश्न मला कधी विचारला नाही.