न पाझरणारा रांजण

श्रावण अमरावतीहून कपाबशांवर चकाकी चढवायला शिकून आला, आणि बार्शीटाकळीतल्या सगळ्या कुंभारांची त्याला कीव येऊ लागली. शिकलं होतं थोडंसंच. छाती मात्र पार गळ्यापर्यंत फुगली होती.

बाप नत्थुजी हिवाळ्यात गेला. तो होता तोवर बस स्टँडसमोरच्या पाणपोईचा रांजण दर उन्हाळ्यात ह्याच घरातून जायचा. पाणपोई सांभाळायची बेबीताई, शेजारीच भाजी विकणारी. यंदा तिथं प्लास्टिकचे जार आणायचे ठरत होते. तेव्हा श्रावणची माय तानुबाई भर रस्त्यावर बोलून गेली, "माहा पोरगा देते रांजण. त्याच्या बापाची जागा रिकामी नाई राह्यत."

बेबीताईनं बाजाराच्या दिवसापर्यंत वाट पाहायचं कबूल केलं. त्या दिवशी पाणी गार नसलं, तर जार.

श्रावणनं दोन रांजण घडवले, वाळवले. पण त्याचा जीव कपांत. एकदा भाजून, लेपात बुडवून ठेवलेले कप अमरावतीच्या प्रदर्शनात जायचे होते. लेप वितळून काच व्हायला जबर आच लागते. रांजणाला त्याहून कितीतरी कमी पुरते. कुंभाराच्या घरातल्या मांजरालाही हे ठाऊक असतं. श्रावणलाही होतं.

"दोनदा लाव भट्टी," तानुबाई म्हणाली.

"माय, ते जुनं झालं. एकाच भट्टीत दोनी काढतो. मोबाइलवर दाखवतो दुनियेले!"

शिकवणाऱ्या गीतांजली मॅडमनी बजावलं होतं, लेपाचं भांडं कशालाच टेकू देऊ नको. ह्यावर श्रावण हसला होता. आमच्या रक्तातच आहे मॅडम, म्हणाला होता. मग रक्ताच्या भरवशावर त्यानं नवी उंच भट्टी अशी गच्च भरली, की दुसरा रांजण बाहेरच राहिला, आणि एक कप पहिल्या रांजणाच्या पोटाला टेकला.

भट्टी निवल्यावर कप आरशासारखे निघाले. रांजण लालबुंद, आणि टिचकी मारली की घंटेसारखा वाजे. त्याच्या पोटाला तो कप मात्र जन्माचा चिकटलेला. उपटायला जावं, तर रांजण फुटायचा.

श्रावणला ह्यातही कला दिसली. माणसाला एकदा कला दिसायला लागली, की समोरचं काहीच दिसत नाही.

पाणपोईत रांजण मांडून, पाणी भरून तो लोकांसमोर उभा राहिला. "पाहा! बाबाचे रांजण रात्रंदिवस गळत. खाली सदा चिखल. ह्याचा एक थेंब तरी दिसते काय?"

खरंच दिसत नव्हता. लोकांनी माना डोलवल्या. श्रावणनं व्हिडिओ काढला.

दुपारी अकोल्याकडून आलेला एक ड्रायव्हर पाणी प्यायला आणि त्यानं ते तिथंच थुंकलं. "काहून बे, चहा मांडला काय? पत्ती टाकाची राह्यली!"

"लोक गिलास साखळीनं बांधतेत," बेबीताई म्हणाली, "ह्यानं चिटकवूनच टाकला. चोरी बंद, पिणंबी बंद. श्रावण, लेका, पाणी गरम हाये रे."

श्रावणनं रांजणाच्या पोटावर हात फिरवला. कोरडा ठणठणीत. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, तोही भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. रांजण पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं. जास्तीच्या आचेनं मातीची सगळी छिद्रं बुजली होती. लहानपणी बापाच्या रांजणाच्या ओल्या पोटाला गाल लावून उभा राहणारा हा गाढव आज न गळण्याचं भाषण ठोकून गेला होता.

"बेबीताई, बाजाराच्या दिवसापर्यंत थांबजो," तो म्हणाला. "चूक माही हाये. नव्या भट्टीची नाई, मातीची नाई. माही."

"ते सगळ्याईले दिसूनच राह्यलं," बेबीताई म्हणाली.

घरी येऊन त्यानं बाहेर राहिलेला रांजण उचलला. बाप भांडी भाजायचा त्या जुन्या जागेवर ठेवून भोवती गोवऱ्या रचल्या, वर तुरीच्या वाळक्या तुराट्या, वर राखेचा थर. आच हळूहळू चढली, तेवढीच हळू उतरली. रांजण निघाला डागाळलेला, एका बाजूनं काळा, टिचकी मारली तर घसा बसल्यासारखा वाजणारा. व्हिडिओ काढावा असं त्याच्यात काहीच नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. भरदुपारी रांजणाचं पोट ओलंचिंब झालं, खालची रेती भिजली. बेबीताईनं गिलास भरला, पाणी तोंडात घोळवून गिळलं, आणि जारवाल्याला फोन लावला. "नको आणू रे बापू."

मग श्रावणकडं वळून म्हणाली, "खाली चिखल झाला पाह्य. बाबासारखाच."

श्रावण मान खाली घालून रेती सारखी करत बसला. हसू दिसू नये म्हणून.

तो घंटेसारखा वाजणारा रांजण आता घरी आहे. तानुबाईनं त्यात तूर भरली. चिकटलेल्या कपात ती काडीपेटी ठेवते, आणि श्रावण नवी भट्टी लावायला निघाला की तिथूनच काढून देते. देताना विचारते, "एक का दोन?"

"दोन, माय," श्रावण म्हणतो. "दोन."