अकरा बनूबाई, एक घोडा

१९५५ साली कुळगावच्या एका शाळेत मुलींसाठी विज्ञानाचा वर्ग निघाला, तेव्हा मुख्याध्यापक विष्णुपंतांनी एकच अट घातली. निदान पाच मुली हव्यात. एक जरी गळाली तर वर्ग बंद, आणि उरलेल्या शिवणाला. विज्ञान शिकवणाऱ्या कुमुदिनीबाईंनी घरोघर फिरून पाच मिळवल्या. सहावी मिळाली नाही.

थंडीत वर्ग कार्य, ऊर्जा आणि शक्तीच्या धड्यावर आला. शाळेत उपकरणं नव्हती. मुलींनी स्टेशनच्या पुलाचा जिना चढून स्वतःची शक्ती मोजावी, असं बाईंनी ठरवलं. त्यासाठी वजन कळायला हवं, म्हणून मुलींना भाताच्या वखारीतल्या काट्यावर उभं केलं.

बातमी संध्याकाळी हेंद्रेपाड्यात पोचली. दुसऱ्या दिवशी पाचांतल्या नीलिमाला तिच्या आजीने, बनूबाईने, घरी ठेवलं. पोरीला तोललं की नजर लागते, ती वाळत जाते, असं तिचं म्हणणं. नवस फेडायला पोर गुळाशी तोलतात ती तुला वेगळी. इथे पोर पोत्यांच्या रांगेत उभी केली होती. विष्णुपंतांनी बाईंना शनिवारपर्यंत मुदत दिली.

बाई नीलिमाच्या घरी गेल्या तेव्हा बनूबाई विहिरीवर होती आणि सुनेला, वेणूबाईला, बोलत होती. एवढ्या वेळात माझे दोन पोहरे निघाले असते, वगैरे. बाईंनी चूक कबूल केली. बनूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

बाईंची नजर रहाटावरच्या पोहऱ्याकडे गेली. मग त्यांनी विचारलं, "पोहऱ्याला तर नजर लागत नाही ना?"

पोहऱ्याला बनूबाईची हरकत नव्हती. बाईंनी पिशवीतून घरचा, भाजी तोलायचा स्प्रिंगचा काटा काढला. भरलेला पोहरा वीस पौंड भरला. दोर तीस फूट आत जात होता. बाईंनी मनगटावरचं घड्याळ धरलं आणि दोघींना एकेक पोहरा ओढायला सांगितला. बनूबाईला बारा सेकंद लागले, वेणूबाईला वीस.

बाईंनी तिथेच कोळशाने काठावर गणित मांडलं. अश्वशक्तीच्या हिशेबाने अशा अकरा बनूबाई मिळून एक घोडा होतो, हे ऐकून बनूबाई खूश झाली. सुनेच्या घोड्याला किती जणी, तेही तिने विचारून घेतलं. अठरा.

"पण काम दोघींचं सारखंच," बाई म्हणाल्या. "तेवढंच पाणी, तेवढीच विहीर. वेळ लागला म्हणून काम कमी होत नाही. शक्ती तेवढी तुमची जास्त."

"म्हणजे ही रेंगाळली तरी माझ्याइतकंच?"

वेणूबाईने पदर तोंडाला लावला. "बाई, एवढं रोज सकाळी येऊन सांगत जा."

बनूबाईने काठावरचे आकडे बराच वेळ न्याहाळले. तिला वाचता येत नव्हतं.

"तुम्ही हिच्या बाजूच्या की माझ्या, मला काय ठाऊक," ती म्हणाली. "घरचं माणूस शिकू दे. मग नीलिमाच सांगेल खरं काय ते. पण पोरीला काट्यावर नाही हां."

बाईंनी कबूल केलं.

शनिवारी विष्णुपंत वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पाच मुली विहिरीचं गणित सोडवत होत्या. नीलिमाचं उत्तर सगळ्यांत आधी आलं. ते चुकलं होतं, आणि ती पाटी पुसून पुन्हा मांडत होती.