नवं मीठ आणि बाबांची घाई

मित्रांनो, दर रविवारी माझ्या पोटात समुद्र तयार होतो! मी वीस लिटरची एक जुनी निळी बादली आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे, कडी वाकली आहे, पण या दवाखान्यात माझं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही.

कारखान्याच्या गरम साच्यातून मी बाहेर पडले आणि माझ्यात काठोकाठ मीठ भरलं गेलं. जेवणातलं नव्हे, समुद्री जिवांच्या टाकीसाठीचं खास मीठ. तिथून मी थेट दातांच्या दवाखान्यात आले. बाहेरच्या खोलीत दोनशे लिटरची काचेची टाकी होती. तिच्यात दोन नारिंगी मासे होते आणि नखाएवढा एक जांभळा प्रवाळ, म्हणजे फांद्यांसारखा वाढणारा आणि इवलीशी बोटं हलवणारा समुद्री जीव. डॉक्टरताईंच्या बाबांनी ती हौसेनं उभी केली होती. खुर्चीत बसण्याआधीच भोकाड पसरणारी मुलं ती टाकी बघून गप्प होत.

माझ्यातलं मीठ संपलं तेव्हा सफाईवाल्या मावशींनी मला फरशी पुसायला उचललं. साबण पडणार, एवढ्यात बाबा धावत आले.

"अहो मावशी, हिच्यात साबणाचा थेंबही नको! मासे मरतील!"

त्यांनी माझ्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'फक्त मिठाचं पाणी'. काय ऐट वाढली माझी!

सहा वर्षं आमचा नेम चुकला नाही. गाळलेलं शुद्ध पाणी, त्यात मीठ, छोटा हीटर आणि गरगर फिरणारा पंप. टाकीतलं एक बादली पाणी काढायचं आणि माझ्यातलं ओतायचं. प्रवाळ तळहाताएवढा झाला.

आणि एके दिवशी बातमी आली. आमचं मीठ कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं! दुसऱ्या कंपनीचा खोका आला. बाबांनी ते मीठ माझ्यात ओतलं, तर तासाभरात पाणी आरशासारखं स्वच्छ! मी हरखून गेले. बाबा तर नाचायचेच बाकी होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"खारटपणा अगदी जुन्याइतकाच आहे. चल, आजच निम्मं पाणी बदलून टाकू!"

"बाबा, थांबा," ताई म्हणाल्या. "खारटपणा सारखा असला, तरी त्यातली बाकीची द्रव्यं सारखी असतीलच असं नाही."

त्यांनी दोन कुप्या घेतल्या. एकीत टाकीचं पाणी, दुसरीत माझं. वरून तपासणीच्या औषधाचे थेंब मोजून सोडले. टाकीच्या पाण्याचा रंग आठव्या थेंबाला बदलला. माझ्या पाण्याचा बाराव्या!

"प्रवाळ ज्यातून आपला सांगाडा बांधतो, ते या मिठात जास्त आहे. एकदम वाढलं तर त्याचे शेंडे जळतील. आठवड्याला एकच बादली. मग मोजायचं आणि पुढचं ठरवायचं."

"एवढा वेळ?"

"मी घाईघाईत दाढ उपटली तर चालेल का तुम्हाला?"

बाबांनी नकळत गालावर हात ठेवला.

दोन रविवार सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या रविवारी ताई परगावी होत्या. प्रवाळ टवटवीत दिसत होता आणि बाबांना राहवेना. त्यांनी एकामागून एक तीन बादल्या ओतल्या. तिसऱ्या वेळी तर माझ्या तळाशी मिठाचे दाणे टोचत होते. पाणी पिठासारखं गढूळ होतं. मला ओरडावंसं वाटलं, पण बादलीला कुठला आवाज?

संध्याकाळपर्यंत प्रवाळानं अंग चोरून घेतलं. शेंडे पांढुरके पडले. बाबांना जेवण गेलं नाही. त्यांनी मला दाराआड ढकललं आणि दुसऱ्या दिवशी ताई येताच सगळं सांगून टाकलं.

"माझ्या हातून घात झाला गं. आता जुन्यासारखं पाणी करून पटकन बदलू या?"

ताईंनी थेंब मोजले. दहा.

"नको बाबा. आता पुन्हा उलटा धक्का नको. पाणी बदलायचंच नाही. रोज मोजू आणि वाट बघू."

मी दाराआड धूळ खात पडले. माझ्यात कोळ्यानं जाळं विणलं. बाहेर बाबा रोज टाकीसमोर खुर्ची टाकून बसत, पेपरही वाचत नसत. नवव्या दिवशी त्यांची आरोळी ऐकू आली.

"अगं ये लवकर! हलतोय! बोटं बाहेर काढलीयत त्यानं!"

ताई हातमोज्यांसकट धावल्या. तोंडात कापूस धरलेला एक पेशंटही मागून आला! दोन शेंडे कायमचे गेले, बाकीचे फुलले. पुढच्या रविवारी बाबांनी मला स्वतः घासलं, नुसत्या पाण्यानं. मीठ विरघळेपर्यंत ते घड्याळ लावून शेजारी बसले. आता टाकीत जवळजवळ सगळं नवंच मीठ आहे, आणि तिथवर पोचायला आम्हाला चार महिने लागले.

मित्रांनो, खोलीतली हवा सोसली नाही, तर तुम्ही उठून बाहेर जाता. टाकीतल्या जिवांना जायला दुसरी जागाच नसते. त्यांचं पाणी बदलायचं असेल तर आधी मोजा, मग थोडं थोडं बदला. आणि कधी चूक झालीच, तर बाबांसारखी लगेच कबूल करा.